पेठांचा नकाशा: एका एसव्हीजीतून कागदावर आणि मोबाइलवर

पुण्याच्या जुन्या पेठांत पायी फिरणाऱ्यांसाठी नकाशा करायचा होता. कसबा गणपती, लाल महाल, शनिवारवाडा, तांबडी जोगेश्वरी, तुळशीबाग, मंडई, विश्रामबागवाडा, राजा केळकर संग्रहालय, त्यांना जोडणारे बोळ आणि वरच्या अंगाला मुठा. छापील प्रत ए-३ आकाराची, चार रंगांतली, दोन घड्या घातल्यावर ए-५ होणारी. हाच नकाशा वेबवरही हवा होता, ठिकाणावर बोट ठेवलं की माहिती उघडणारा. मूळ चित्र एसव्हीजीत, म्हणजे रेषा आणि आकार मजकुरात लिहून ठेवणाऱ्या चित्र-फाइलीत, ठेवायचं हे पहिल्याच दिवशी ठरलं आणि ते बरोबरच होतं. चुकलं ते पुढचं गृहीतक: तीच फाइल जशीच्या तशी दोन्हीकडे चालेल, असं आम्ही धरून चाललो होतो. पहिल्या प्रूफनंतर आम्ही एक नियम घालून घेतला आणि तो आजपर्यंत पाळतो. मूळ फाइल एक, तिच्यातून निघणाऱ्या फाइली दोन, आणि निघालेल्या फाइलीला हात लावायचा नाही. दुरुस्ती असेल तर ती मूळ फाइलीतच.

हे असं का, याचं उत्तर एसव्हीजीच्या घडणीत आहे. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने २००१ साली पहिली आवृत्ती आणि २००३ साली १.१ प्रमाणित केली ती वेबसाठी. चित्राचं वर्णन करणारा साधा एक्सएमएल मजकूर, रंग एसआरजीबीतले (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्याचे), लांबी-रुंदी पडद्याच्या हिशेबाने. सीएमवायके शाया (सी निळसर, एम किरमिजी, वाय पिवळी, के काळी), ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावर छापणं), ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई) हे छापखान्याचे शब्द त्या भाषेत जवळजवळ नाहीतच. त्यामुळे आकृत्या एसव्हीजीत तयार करायच्या आणि शायांचा निर्णय पुढच्या टप्प्यावर घ्यायचा, एवढाच व्यवहार्य मार्ग उरतो.

एक एकक म्हणजे एक मिलिमीटर

ए-३ म्हणजे ४२० बाय २९७ मिमी. चहूबाजूंनी १० मिमी समास सोडून नकाशाला ४०० बाय २७७ मिमी मिळाले. १:६००० प्रमाण धरलं तर त्यात पूर्व-पश्चिम २.४ किलोमीटर आणि दक्षिणोत्तर सुमारे १,६६० मीटर बसतात. जमिनीवरचे १०० मीटर कागदावर १६.६७ मिमी होतात आणि चार मीटरचा बोळ ०.६७ मिमी.

फाइलीची रुंदी '४०० एमएम', उंची '२७७ एमएम' आणि व्ह्यूबॉक्स (आतल्या निर्देशांकांची चौकट) '० ० ४०० २७७' असं लिहिलं की आतलं एक एकक म्हणजे बरोबर एक मिलिमीटर होतं. मग रेषेची जाडी ०.२५ लिहिली तर ती छपाईत पाव मिलिमीटरच येते, मनात गुणाकार करावा लागत नाही. हे न करता सगळं पिक्सेलमध्ये ठेवलं तर प्रत्येक सॉफ्टवेअर आपापला हिशेब लावतं. वेबपानाची मांडणी सांगणाऱ्या सीएसएसमध्ये ९६ पिक्सेल म्हणजे एक इंच. इंकस्केपच्या ०.९२ आधीच्या आवृत्त्या इंचाला ९० धरत. इलस्ट्रेटर एक पिक्सेल म्हणजे एक पॉइंट, अर्थात इंचाला ७२ धरतो. त्यामुळे एकच एकक-विरहित फाइल ९६ धरणाऱ्या आजच्या इंकस्केपमध्ये ३०० मिमीची आणि इलस्ट्रेटरमध्ये ४०० मिमीची दिसू शकते. आम्ही पानाच्या बाहेर, समासापलीकडे, बरोबर १०० मिमीची एक रेघ कायम काढून ठेवतो. फाइल कुठेही उघडली की आधी ती रेघ मोजायची.

रस्ते, इमारती आणि नदीची मूळ माहिती ओपनस्ट्रीटमॅपची. तिचा परवाना श्रेयोल्लेख मागतो, म्हणून 'ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते' ही ओळ छापील प्रतीत आणि वेबवर दोन्हीकडे आहे. ती माहिती क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन एसव्हीजी काढली. इथे प्रक्षेपणाकडे, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायच्या पद्धतीकडे, लक्ष हवं. वेबवरच्या नकाशांच्या नेहमीच्या वेब मर्केटर प्रक्षेपणातच नकाशा काढला तर पुण्याच्या अक्षांशावर, साधारण साडेअठरा अंशांवर, सगळी अंतरं सुमारे साडेपाच टक्क्यांनी फुगतात. त्यावर हाताने मोजपट्टी काढली तर पट्टी २,४०० मीटर म्हणते आणि चालणारा प्रत्यक्षात २,२७५ मीटरच चालतो. आम्ही यूटीएमचा ४३ उत्तर हा पट्टा वापरला. पुणे त्यातच येतं आणि मीटर म्हणजे मीटर राहतो.

क्यूजीआयएसमधून आलेल्या फाइलीत दोन गोष्टींची सफाई करावी लागते. पानाबाहेरच्या आकृत्या क्लिपपाथखाली (बाहेरचं लपवणाऱ्या चौकटीखाली) नुसत्या झाकलेल्या असतात, फाइलीत त्या असतातच. त्या खरोखर काढून टाकाव्यात. दुसरं, निर्देशांकांना दशांश चिन्हापुढे सहा-सहा अंक असतात. प्लेट काढणारं सीटीपी यंत्र २४०० डीपीआयचं (इंचाला २४०० ठिपक्यांचं) असलं तर त्याचा एक ठिपका ०.०१०६ मिमीचा असतो. आपलं एकक मिलिमीटर, तेव्हा दोन दशांश अंकांपुढचं काहीही प्लेटवर उमटूच शकत नाही. दोन अंकांवर आणल्यावर फाइल निम्म्याहून लहान झाली.

अक्षरं

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाचा इथेच जाईल.

मूळ फाइलीत नावं युनिकोडमधला जिवंत मजकूर म्हणूनच ठेवायची. पेठांतल्या डीटीपीवाल्यांकडे जुन्या याद्या बऱ्याचदा श्री-लिपीसारख्या जुन्या संकेतांच्या फाँटांत असतात. तो मजकूर त्या फाँटाविना नुसती रोमन अक्षरांची खिचडी असतो. रूपांतर करून घ्यावं आणि मग रफार व जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावीत. नेमकं कुठे घसरतं ते सांगतो: 'ओंकारेश्वराच्या पायऱ्या' यातला 'ऱ्या'. तो साध्या 'र'ने लिहिला तर रफार होऊन 'पायर्या' असं उमटतं. 'ऱ' हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त आणि 'य' जोडला की हवा तो आकार येतो.

दुसरं, 'ल' आणि 'श'. बऱ्याच देवनागरी फाँटांत या दोन अक्षरांची हिंदी आणि मराठी अशी दोन वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच मराठी वळण उमटतं. एसव्हीजीच्या मुळाशी भाषेची खूण 'एमआर' अशी लिहिली की ब्राउझर ती पाळतो. छपाईकडे जाणाऱ्या साखळीतलं प्रत्येक सॉफ्टवेअर ती पाळेलच असं धरू नये. मजकुराचे पाथ, म्हणजे नुसत्या आकृत्या, होण्याआधी 'लाल महाल' आणि 'शनिवारवाडा' ही दोन नावं मोठी करून पाहायची. वळण चुकीचं असेल तर ते नंतर सुधारता येत नाही. वाचणाऱ्या मराठी माणसाला ते लगेच खटकतं, कारण नेमकं काय खटकलं हे सांगता आलं नाही तरी ते अक्षर आपलं वाटत नाही. म्हणून आम्ही १०० मिमीच्या रेघेखाली चाचणीची एक ओळ ठेवली आहे: लक्ष्मी, तांबडी जोगेश्वरी, विश्रामबागवाडा, लाल महाल, पायऱ्या, शनिवारवाडा. प्रत्येक टप्प्यावर आधी ही ओळ वाचायची, मग नकाशा.

लेटर-स्पेसिंग देवनागरीत शून्यच ठेवायचं. रोमन नकाशांत पेठेचं किंवा नदीचं नाव अक्षरं पसरवून लिहायची पद्धत आहे. देवनागरीत तसं केलं की शिरोरेखा तुटते. मोठ्या प्रदेशाचं नाव पसरवून दाखवायचं असेल तर आकार वाढवा किंवा रंग फिका करा. नदीकाठाने वळणारं नाव टेक्स्टपाथवर (वक्र रेषेवर) बसवतानाही हाच प्रश्न येतो. प्रत्येक अक्षरसमूह वेगळ्या कोनात वळतो आणि शिरोरेखेत पाचरीसारख्या फटी पडतात. 'मुठा नदी' आम्ही अगदी सौम्य कमानीवर बसवलं. बोळांची नावं सरळ रेषेतच, फक्त तिरकी फिरवून लिहिली.

आता पाथ करणं. छापखान्याला फाँट बरोबर देणं हा मार्ग आम्ही सोडून दिला. एका ठिकाणी ऑपरेटरने एसव्हीजी थेट कोरलमध्ये उघडली, फाँट नव्हता, दुसरा बसला, आणि 'विश्रामबागवाडा' मधला 'श्र' फुटून 'श'खाली हलन्त दिसू लागला. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या छपाईच्या फाइलीत एकही जिवंत अक्षर ठेवत नाही. इंकस्केपमध्ये सगळी अक्षरं निवडून 'ऑब्जेक्ट टू पाथ', कंट्रोल-शिफ्ट-सी. हे नेहमी प्रतीवर करायचं, मूळ फाइलीवर कधीच नाही.

पाथ झाल्यावर शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेखा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. फाँट तसेच आखलेले असतात, नाहीतर शिरोरेखा सलग दिसणार नाही. या आकृत्या 'कंबाइन' केल्या आणि फिल-रूल (आतला भाग कुठे भरायचा याचा नियम) 'ईव्हनऑड' असेल तर जिथे दोन शिरोरेखा एकमेकींवर येतात तिथे पांढरं भोक पडतं. प्रत्येक सांध्यावर एक बारीक चौकोनी छिद्र. पडद्यावर पूर्ण पान पाहताना ते दिसत नाही, प्रूफवर मात्र ओळभर दिसतं. उपाय म्हणजे कंबाइन न करता 'युनियन' करायचं, कंट्रोल आणि अधिक. त्याने शब्दाची एकच सलग बाह्यरेषा तयार होते. अक्षरांना बाह्यरेषेचा वेगळा रंग द्यायचा असेल किंवा अक्षरं अर्धपारदर्शक करायची असतील तरी युनियन हवंच. नाहीतर प्रत्येक सांध्यावर उभी रेघ किंवा गडद पट्टा दिसतो.

नकाशावर इमारतींच्या गर्दीत नाव वाचता यावं म्हणून अक्षरांभोवती पांढरी कड देतात. वेबवर पेंट-ऑर्डरने 'आधी स्ट्रोक (कड), मग फिल (आतला भराव)' असं सांगितलं की काम होतं. छपाईच्या वाटेवर आमच्या स्क्रायबसने (छपाईची पीडीएफ काढणाऱ्या सॉफ्टवेअरने) ती सूचना पाळली नाही. पांढरी कड अक्षराच्या वर बसली आणि मात्रा-वेलांट्या अर्ध्या खाल्ल्या गेल्या. म्हणून छपाईच्या प्रतीत प्रत्येक नाव दोनदा असतं: खाली ०.५ मिमी जाड पांढऱ्या स्ट्रोकचं, वर नुसतं काळं. स्ट्रोकचा लाइनजॉइन (कोपऱ्याचा आकार) 'राउंड' करायला विसरू नका. मूळचा 'मायटर' ठेवला तर वेलांटीच्या आणि उकाराच्या टोकांतून पांढरे काटे बाहेर येतात आणि शेजारचा रस्ता कापतात.

रेषा आणि शाया

एसव्हीजी सीएमवायके जाणत नाही, म्हणून आम्ही मूळ फाइलीत फक्त अकरा रंग वापरले. प्रत्येक रंगाचं काम एकच. स्क्रायबसमध्ये एसव्हीजी आयात केली की हे रंग रंगांच्या यादीत 'फ्रॉमएसव्हीजी' अशा नावाने येतात. यादीत जाऊन एकेकाचं मॉडेल सीएमवायके करायचं आणि शायांचे टक्के भरायचे. त्या रंगाच्या सगळ्या आकृत्या एकदम बदलतात. म्हणूनच रंग थोडे आणि काटेकोर हवेत. कुणी डोळ्यांच्या अंदाजाने नदीला तीन प्रकारचे निळे दिले असतील तर यादीत तीन नोंदी येतात आणि एखादी सुटतेच. ज्या दोन आकृत्या पडद्यावर सारख्या दिसतात पण छपाईत वेगळ्या वागायला हव्यात, त्यांना मुद्दाम एका अंकाने वेगळा रंग द्यायचा. अक्षरांचा काळा आणि नकाशाच्या चौकटीचा काळा आम्ही असाच वेगळा ठेवला आहे.

आमचे टक्के असे: अक्षरं नुसता के १००. नदी सी २५, एम ५. इमारती सी ५, एम ८, वाय १५. वारसास्थळं एम ७०, वाय ८०, के १०. चालण्याचा मार्ग एम १००, वाय ८०.

अक्षरं के १०० असणं हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. इंकस्केपमधून थेट पीडीएफ काढली तर ती आरजीबी असते. छापखान्याकडे तिचं आपोआप रूपांतर झालं की काळा हा चारही शायांचा मिळून होतो. सात पॉइंटच्या अक्षरात मात्रेची जाडी पाव मिलिमीटरही नसते. चार प्लेटांपैकी एक दशांश मिलिमीटर सरकली तरी अक्षराला निळी-गुलाबी कड येते. पावसाळ्यात कागद ओल धरतो, थोडा वाढतो आणि रजिस्टर, म्हणजे प्लेटांची एकमेकींशी जुळणी, हलतंच. मशीनमन कितीही चांगला असला तरी ती अडचण त्याच्यावर टाकणं योग्य नाही.

बारीक रेषांचंही तसंच. १७५ लाइनच्या स्क्रीनला (फिका रंग ठिपक्यांनी छापणाऱ्या जाळीला, इंचाला १७५ ठिपके) दोन ठिपक्यांच्या मध्यांमधलं अंतर ०.१४५ मिमी असतं. म्हणजे ०.१५ मिमीची रेषा के ४० मध्ये दिली तर तिच्या जाडीत जेमतेम एक ठिपका मावतो आणि रेषेऐवजी ठिपक्यांची माळ छापली जाते. ०.३ मिमीपेक्षा बारीक रेषा नेहमी एकाच शाईच्या आणि शंभर टक्के. फिकी हवी असेल तर बारीक करा, ०.१ मिमीपर्यंत ठीक. टक्का कमी करू नका.

के १०० ची अक्षरं फिक्या इमारतींवर ओव्हरप्रिंट करायची, म्हणजे खाली पांढरी खाच पडत नाही. स्क्रायबसमध्ये आकृतीच्या रंगाच्या पट्टीत तो पर्याय आहे. इथे आमची एक प्लेट वाया गेली. नावांचा सगळा गट निवडून ओव्हरप्रिंट लावलं आणि त्या गटात खालच्या पांढऱ्या कडाही होत्या. पांढरी शाई नसतेच. पांढरं म्हणजे खालचा रंग कापणं, आणि ओव्हरप्रिंट म्हणजे कापू नको ही आज्ञा. कडा प्लेटवरून नाहीशा झाल्या. पडद्यावर पीडीएफ व्यवस्थित दिसत होती, कारण पाहताना ओव्हरप्रिंट प्रीव्ह्यू बंद होता. आता पांढऱ्या कडा वेगळ्या थरात असतात, त्या 'नॉकआउट'च (खालचा रंग कापणाऱ्या) राहतात, आणि पीडीएफ प्रत्येक शाईची प्लेट वेगळी दाखवून तपासतो.

पारदर्शकता, ब्लर, सावल्या मूळ फाइलीतच वापरलेल्या नाहीत. छपाईसाठीच्या पीडीएफ/एक्स-१ए आणि एक्स-३ या प्रकारांत पारदर्शकता चालत नाही आणि ब्लर निर्यातीत बिटमॅप होतो. फिका रंग हवा तर फिका रंगच द्यायचा. सिंबॉल वापरून पुन्हापुन्हा बसवलेली चिन्हं, देवळाचं, पाण्याच्या नळाचं, छपाईच्या प्रतीत शिफ्ट-ऑल्ट-डी करून सुटी केली. आतल्या स्टाइलशीटमधले क्लास आणि सीएसएस व्हेरिएबलसुद्धा मूळ फाइलीत नकोत. रंग थेट आकृतीवरच लिहिलेले असावेत. वेबसाठी क्लास नंतर लावता येतात, उलटं करणं अवघड जातं.

कागद १३० जीएसएमचा आर्ट पेपर. २५ बाय ३६ इंची कागद मधोमध कापून १८ बाय २५ होतो आणि त्यात ब्लीडसकट ए-३ दोन बसतात: ३ मिमी ब्लीड धरून एक प्रत ४२६ बाय ३०३ मिमी, दोन मिळून ६०६ मिमी, आणि कागद ६३५ मिमी. यंत्रात कागद पकडणाऱ्या ग्रिपरला पुरेशी जागा उरते. घडी जिथे पडते त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ४-५ मिमी नाव येऊ दिलं नाही. घडीवर शाई तडकते आणि नेमकं तिथे 'तुळशीबाग' असेल तर महिन्याभरात 'तुळ' आणि 'बाग' एवढंच उरतं.

मोबाइलवर

वेबच्या फाइलीतून रुंदी-उंची काढायची आणि व्ह्यूबॉक्स ठेवायचा. दोन्ही ठेवले तर चित्र लवचीक होत नाही, दोन्ही काढले तर आकार बदलल्यावर चित्र लहानमोठं न होता कापलं जातं. फाइल आटोपशीर करायला एसव्हीजीओ हे साधन उत्तम आहे, पण त्याच्या जुन्या आवृत्त्या मूळ मांडणीतच व्ह्यूबॉक्स आणि टायटल काढून टाकत. शिवाय तो आयडी छोटे करतो. 'विश्रामबागवाडा' या गटाचा आयडी बदलून 'अ'सारखा झाला की त्यावर बोट ठेवल्यावर माहिती उघडणारा कोड गप्प बसतो. हे तिन्ही पर्याय बंद ठेवायचे. एकाच पानात दोन एसव्हीजी थेट घातल्या असतील तर दोघींचे आयडी वेगळे आहेत ना, हेही पाहायचं. नाहीतर दुसऱ्या चित्रातलं चिन्ह पहिल्याचा ग्रेडियंट घेऊन बसतं.

एसव्हीजी इमेज टॅगने दिली तर ती बाहेरचं काहीही मागवू शकत नाही: ना पानावरचा वेबफाँट, ना दुसरं चित्र. आपल्या संगणकावर फाँट बसवलेला असतो म्हणून सगळं बरं दिसतं आणि वाचकाच्या फोनवर दुसराच फाँट येतो. आम्ही नकाशा पानात थेट घातला, त्यामुळे पानाचा मुक्ता फाँट अक्षरांना लागू झाला. जिथे इमेज टॅगच वापरायचा, तिथे फाँटचा लहान तुकडा फाइलीतच भरावा लागतो. बेस६४ मुळे (फाँट साध्या अक्षरांत लिहून भरण्याच्या पद्धतीमुळे) तो तिसऱ्या हिश्शाने फुगतो, ते चालेल. तुकडा करताना ओपनटाइपची सगळी वैशिष्ट्यं राखायची आणि अक्षरांची जोडणी ठरवणारा, न दिसणारा झीरो-विड्थ जॉइनरही घ्यायचा. नुसती मोजकी अक्षरं ठेवून जोडाक्षरांचे नियम कापले तर 'लक्ष्मी' हलन्तांसकट वेगळी होते.

खरा प्रश्न आकाराचा आहे. ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर ४०० एककं मावतात, म्हणजे एक मिलिमीटर ०.९ पिक्सेलचा होतो. कागदावर सात पॉइंट, म्हणजे २.४७ मिमी, असलेलं अक्षर तिथे सव्वादोन पिक्सेलचं. ०.२५ ची रेषा पाव पिक्सेलपेक्षा कमी. त्यामुळे एसव्हीजी कितीही लहान-मोठी होते हे खरं असलं तरी नकाशा वाचनीय राहतोच असं नाही. आम्ही नावांचे तीन थर केले. पूर्ण नकाशा दिसत असताना फक्त पेठांची नावं, थोडं जवळ गेल्यावर वारसास्थळं, आणखी जवळ गेल्यावर बोळ. सध्याचा गुणक, म्हणजे एक एकक पडद्यावर किती पिक्सेलचं आहे ते, ब्राउझरच्या गेट-स्क्रीन-सीटीएममधून घ्यायचा आणि अक्षराचा आकार '१४ भागिले गुणक' असा ठेवायचा, म्हणजे ते पडद्यावर कायम १४ पिक्सेल राहतं. बोळांच्या रेषांना व्हेक्टर-इफेक्टने 'नॉन-स्केलिंग-स्ट्रोक' दिला, म्हणजे जवळ गेलं तरी रेषेची जाडी तेवढीच राहते. लक्ष्मी रस्ता, बाजीराव रस्ता, शिवाजी रस्ता यांना तो दिला नाही. जवळ गेल्यावर मोठा रस्ता रुंद दिसायलाच हवा, नाहीतर माणसाला बोळ आणि रस्ता यातला फरक कळत नाही.

पेठा शेजारीशेजारी वेगवेगळ्या फिक्या रंगांनी भरल्या की सामाईक सीमेवर केसासारखी पांढरी फट दिसते. दोन्ही आकृत्यांच्या कडा त्याच पिक्सेलात अर्ध्या-अर्ध्या मिसळतात आणि खालचा पांढरा डोकावतो. प्रत्येक पेठेला तिच्याच रंगाची ०.३ ची कड दिली की फट बुजते. इमारतींचं वेगळं: हजारो छोटे पाथ असतील तर साधा फोन बोटाने सरकवताना अडखळतो. त्यांना बोटाने निवडायचं नसल्यामुळे सगळ्या एकाच पाथमध्ये जोडल्या आणि नकाशा सुळसुळीत सरकू लागला.

निवडायची ठिकाणं मात्र प्रत्येकी स्वतंत्र गट. गटातला पहिला घटक टायटल, त्यात पूर्ण नाव, म्हणजे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ते उच्चारतं. टॅबने तिथे पोचता यायला हवं. चिन्हाभोवती पडद्यावर ४४ पिक्सेल होईल असं न दिसणारं वर्तुळ असतं, कारण तेवढी जागा नसेल तर बोट चुकतं. या वर्तुळाचा फिल 'नन' ठेवला तर आतला भाग स्पर्श ओळखत नाही. पॉइंटर-इव्हेंट्स 'ऑल' करावं लागतं.

कुणी बाहेरून एसव्हीजी पाठवली, जाहिरातीचं चिन्ह वगैरे, तर ती थेट पानात घालू नये. तिच्यात स्क्रिप्ट असू शकते. गाळणीतून काढावी किंवा इमेज टॅगने द्यावी, तिथे स्क्रिप्ट चालत नाही.

छापल्यानंतर एका बोळाच्या नावातली चूक वाचकाने कळवली, तेव्हा ही सगळी रचना उपयोगी पडली. मूळ एसव्हीजीत प्रत्येक नाव स्वतःच्या ओळीवर आहे, म्हणून बदल एका ओळीचा झाला. मग इंकस्केप कमांड लाइनवरून पाथ केलेली साधी एसव्हीजी, स्क्रायबसची पायथन स्क्रिप्ट शायांचे टक्के भरते, पीडीएफ तयार. जुनी आणि नवी पीडीएफ दोन्ही ३०० डीपीआयला चित्र करून एकमेकांतून वजा केल्या की जे बदललं तेवढंच उजळ दिसतं. त्या चित्रात दुरुस्त केलेल्या नावाखेरीज कुठेही ठिपका दिसला, तर कारण सापडेपर्यंत फाइल प्लेटला जात नाही.